चौथी पात

माझी बायको कांता गेल्या हिवाळ्यात वारली. मेंदूत चढलेला मलेरिया होता. ताप आला, ती बरळायला लागली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं. शेवटी काही सांगून गेली का, असं लोक विचारतात. नाही सांगितलं. तेव्हा मला याचं एकच दुःख होतं, की तिला बोलायला वेळ मिळाला नाही. आता वेगळं वाटतं. वेळ तिला आधी भरपूर होता.

मी चंद्रपूरच्या एका तंत्रनिकेतनात गणित शिकवतो. आमच्याकडे पाच छोटे संगणक होते, टीव्हीसारख्या पडद्याचे. मोठ्या पुराच्या दुसऱ्या वर्षी, सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात, गडचिरोलीहून एक अभियंता साहेब आमच्या प्राचार्यांकडे आले. वैनगंगेच्या एका भागाची पूररेषा त्यांना काढायची होती. आला तो पूर सगळ्यांनी पाहिलाच होता. त्याहून मोठा आला तर पाणी कुठपर्यंत चढेल, हे त्यांना हवं होतं. रेषेच्या आत येणारी गावं सरकार उंचावर नेऊन वसवणार होतं. नागपूरच्या मोठ्या संगणकावर नंबर लागायला वर्ष गेलं असतं. प्राचार्यांनी काम माझ्या गळ्यात टाकलं.

अडचण सरळ होती. आमच्या एका यंत्रात अख्खी नदी मावत नव्हती. मावली असती तरी ते यंत्र पावसाळ्यापर्यंत घरघरत बसलं असतं. म्हणून नदीचे पाच तुकडे करून एकेका यंत्राला एकेक द्यावा, असं माझ्या मनात आलं. पण पाणी तुकड्यांत वाहत नाही. वरच्या तुकड्यातून किती आलं हे कळल्याशिवाय खालच्याला पुढे जाता येत नाही, आणि खाली पाणी तुंबलं तर ते वरच्याला सांगावं लागतं. यंत्रांमध्ये तार जोडलेली नव्हती. एक पुढे पळालं आणि दुसरं मागे राहिलं की सगळा हिशेब कचरा.

मी घरी जेवताना हे बोललो. कांता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. माझ्या कामाबद्दल ती फारसं विचारत नसे.

"रोवणा पाह्यला का तुमी कधी?" ती म्हणाली.

"कुठी पाहीन? मी बल्लारपूरचा. आमच्या घरी खाणीतली नोकरी होती, भाताची बांधी नव्हती."

"मंग आयका. बाया बांधीत ओळीनं उभ्या राह्यतात. प्रत्येकीची आपली पात. वाकायचं, रोवायचं, एक पाऊल मागं. पण एकटीनं मागं नाई सरकायचं. सगळ्यांची झाली की सगळ्या संगं सरकतात. नाईतं ओळ मोडते."

मला भात लावणीतलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत पाच यंत्रं एका ओळीत मांडली. नदीच्या तुकड्याला आम्ही पातच म्हणू लागलो. प्रत्येक यंत्र आपल्या पातीतल्या एका तासाच्या पाण्याचा हिशेब करी. झाला की बसलेला माणूस मोठ्यानं "झालं" म्हणे. पाचही जणांचं झालं की प्रत्येकानं आपल्या दोन्ही टोकांची पाण्याची उंची शेजाऱ्याला सांगायची, शेजाऱ्यानं ती यंत्रात घालायची, मग सगळ्यांनी एकदम पुढच्या तासाकडे जायचं. दोन पाती जिथे भेटत तिथल्या जागेला मी सांधा म्हणत असे. सांध्यावर दोन्हीकडच्या यंत्रांचं पाणी सारखं आलं पाहिजे. ते जुळतं का, हे मी स्वतः बघत होतो. माझी सगळी भिस्त त्यावर होती. एक जण चुकला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे लगेच फाटतील आणि मला दिसेल.

पहिल्या पातीवर लालसू, दुसरीवर मुखरू, दोघे विद्यार्थी. तिसरीवर नानाजी, आमच्या प्रयोगशाळेतला सहकारी आणि माझा जुना दोस्त. पाचवीवर रंभा, शेवटच्या वर्षाची मुलगी, सगळ्यांत तेज. सुट्ट्यांमुळे चौथ्या पातीला माणूस नव्हता. कांताची शाळाही बंद होती.

"मी बसू का?" ती म्हणाली. "आकडे घालायचे न? पोरांचे गुण भरतो तसेच."

मला इतका आनंद झाला की मी पुढचं काही पाहिलंच नाही. चौथ्या पातीत नदीच्या गडचिरोलीकडच्या काठाला बोरटोला होतं. बोरटोला तिचं माहेर.

ते दिवस चांगले होते, हे मला लिहावंच लागेल. खोलीत पंखा एक, माणसं सहा. वीज जायची, तीही अख्ख्या राज्याला वीज देणाऱ्या गावात. गेली की आम्ही मागच्या तासापासून पुन्हा सुरू करायचो. मुखरू टाइप करण्यात ढिला होता. चारही जण "झालं" म्हणून बसलेले आणि मुखरू एका बोटानं एकेक अक्षर शोधत असायचा.

"मुखरू, तुह्या नदीले झोप लागली का रे?" रंभा ओरडायची.

"माह्या पातीत दगडं लय आहेत."

"दगडं पातीत नाई, बोटात आहेत."

कांता हसून डोळे पुसायची. घरी परतताना ती मला विचारायची, सांधा तुम्ही कसा तपासता? किती फरक चालतो? तिसऱ्याचं आणि चौथ्याचं जुळलं, चौथ्याचं आणि पाचव्याचं जुळलं, मग आतलं बघता का? मी सांगायचो, आतलं कशाला बघू, दोन्ही टोकं जुळली म्हणजे आतलं बरोबरच. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या कामात तिला एवढा रस आलेला पाहत होतो. मी रस्ताभर बोलत जायचो. ती सगळं ऐकून घ्यायची.

काम झालं. सांधे असे जुळले की मी स्वतःवर खूश झालो. रेषा निघाली. नदीकाठची दोन गावं आत आली. बोरटोल्याची खालची गल्ली पाण्यात येत होती, वरचं गाव सुटलं. साहेबांच्या माणसांनी जाऊन रेषेवर खुणेचे दगड रोवले. माझ्या सासूच्या, ठमाबाईच्या घराखाली एक दगड बसला, म्हणजे तिचं घर रेषेच्या बाहेर राहिलं.

त्यानंतर सासू माझ्याशी नीट बोलेनाशी झाली. गेलो की पाणी द्यायची आणि आत निघून जायची. "म्हातारपण आहे," कांता म्हणायची. कांता गेली तेव्हाही ठमाबाई माझ्याजवळ बसली नाही. भिंतीला टेकून बसली होती. पोरीचं दुःख आहे, असं मी धरलं.

या मार्चमध्ये आमच्याकडे नवा संगणक आला. त्यात अख्खी नदी मावत होती. माझ्या डोक्यात एक गोष्ट होती. आम्ही जी पद्धत वापरली, पाच लहान यंत्रांनी एक मोठं गणित मिळून सोडवायची, तिच्यावर लेख लिहायचा आणि नागपूरच्या परिषदेत वाचायचा. लेखावर कांताचं नाव माझ्याआधी घालायचं. रोवण्याची गोष्ट तिची होती. त्यासाठी तेच गणित एकाच यंत्रावर करून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची होती. थोडाफार फरक येणार, दशांशाच्या पुढचा, असं मी धरून चाललो होतो.

यंत्रानं अख्खा दिवस घेतला. पहिली पात बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीत अर्ध्यापर्यंत बरोबर, आणि पुढे आमचं जुनं पाणी खऱ्या पाण्याच्या खाली उतरत गेलेलं. चौथीत ते माणसाच्या उंचीएवढं खाली. पाचवीत हळूहळू वर येऊन शेवटी पुन्हा बरोबर.

आधी मला नव्या यंत्राचा संशय आला. मी पुन्हा केलं. मग नव्या यंत्रावर फक्त चौथी पात वेगळी सोडवून पाहिली. उत्तर नव्या यंत्राचंच आलं. मग मी खुर्चीत बसून राहिलो. यंत्र चुकतं तेव्हा एका जागी चुकतं. शेजारच्याला सांभाळून घेत नाही. हे पाणी उतारावरून चालल्यासारखं खाली गेलं होतं आणि तसंच वर आलं होतं, म्हणजे सांधे फाटू नयेत एवढी काळजी घेऊन कोणीतरी आकडे बदलले होते. एकट्या कांताला हे जमलं नसतं. तिच्या डाव्या हाताला नानाजी होता आणि उजव्या हाताला रंभा.

खऱ्या पाण्यात सगळं बोरटोला बुडत होतं. वरचं गाव, विहार, शाळा, सगळं.

नानाजी घरासमोर सायकल उलटी करून चाकाला तेल देत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं.

"नानाजी, चौथ्या पातीत पाणी काऊन उतरवलं?"

त्यानं काय, कोणतं पाणी, असं काही विचारलं नाही. चाक फिरत होतं, ते हातानं थांबवलं.

"चहा घेता का, वामनभाऊ?"

"नाई."

"मंग बसा तरी."

"बोल तू."

"वयनीनं सांगतलं," तो म्हणाला. "पयल्या फेरीतच तिले दिसलं, गाव बुडून राह्यलं. त्या दिवशी तुमी प्राचार्यांकडे गेलते. ती म्हणे, नानाजी, बोरटोल्याले उठवून त्या टेकाडावर नेतात. शेजारी ते मोठं गाव. लहानपणी त्यायच्या विहिरीवर आमची घागर ठेवू देत नव्हते. बापानं छप्पन सालापासून मातीचं गाव उभं केलं, विहार बांधला, सोताची विहीर खोदली. आता परत जाऊन त्यायच्या विहिरीवर उभं राह्यचं का? आता मी तिले काय बोलू, वामनभाऊ? माहं गावही तसंच होतं."

"आणि मोठा पूर आला तं?"

"ती म्हणे, असा पूर कोनी पाह्यला आहे? कागदावरचा पूर आहे."

"कागदावरचा," मी म्हणालो. "अन् रंभा?"

"रंभाले मी समजावलं. पोरगी रडली. एक दिवस बोलली नाई कोनासंगं. मुखरू अन् लालसूले काई माईत नाई."

"अन् मले कोनी सांगतलं नाई."

"तुमी नाई म्हनले असते."

"म्हनलोच असतो!"

"मंग?" नानाजी म्हणाला. "वामनभाऊ, रोवण्याची ओळ तुमी घेतली, पण रोवण्यात तुमी कधी उभे नाई राह्यले. माही माय जन्मभर रोवली. ओळीतल्या एकीची कंबर धरली का डाव्या-उजव्या हाताच्या दोघी तिची पात रोवून टाकतात. मालक बांधावर उभा असतो. त्याले सगळी ओळ सारखी दिसते. त्याले कोनी सांगत नाई."

मालक. इतक्या वर्षांच्या दोस्तानं मला हा शब्द दिला. मला त्याला मारावंसं वाटलं. मी त्याची सायकल तशीच उलटी ठेवून निघालो.

घरी कांताचा फोटो होता, तो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग सरळ केला. तिच्याशी भांडायचं म्हटलं तर ती तिथे पाहिजे होती. संध्याकाळी परतताना ती जे विचारायची ते एकेक आठवत होतं. किती फरक चालतो? आतलं बघता का? मला वाटलं होतं माझी बायको माझ्या कामात आली. ती कुलूप कसं आहे ते बघत होती, आणि दाखवणारा मीच होतो, हौसेनं.

पावसाळा जवळ येत होता. कागदावरचा असो की कसाही, तो पूर येऊ शकत होता. साहेबांना सांगितलं तर कांताचं नाव निघणार, आणि बोरटोल्यात मला कोणी उभं करणार नाही. नाही सांगितलं तर त्या घरांत माणसं झोपणार आणि हे मला माहीत असणार. माहेरचं गाव तिनं वाचवलं होतं, मी ते मोडणार होतो. निदान आधी ठमाबाईला सांगावं म्हणून मी बसनं बोरटोल्याला गेलो.

ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. जयभीम झाला. तिनं पाणी आणून ठेवलं आणि नेहमीसारखी आत वळली.

"मामी, बसा. कांताबद्दल बोलायचं आहे."

ती उंबऱ्यावर बसली. मी सगळं सांगितलं. पाती, सांधे हे तिला काय कळणार म्हणून आधी थांबत थांबत सांगत होतो, पण जिनं आयुष्यभर रोवणा केला तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. पाणी कुठपर्यंत येणार ते मी हातानं दाखवलं. तिच्या छपरापर्यंत.

मला वाटलं ती रडेल किंवा मला हाकलून देईल.

"मंग दगड इथी खाली तुमी नाई रोवला?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कांतानं सांगतलं होतं मले. म्हणे माय, तुह्या जवायानं रेघ काढली, आपलं घर बाहेर राह्यलं, सरकार आता जागा देत नाई. मी म्हनलं, जवायाले म्हण, थोडी वर काढ न रेघ. ती म्हणे, ते कोनाचं आयकत नाईत."

"तुमाले गाव सोडायचं होतं?"

"बापू, मागच्या पुरात पाणी खालच्या गल्लीत शिरलं. मी म्हैस सोडली अन् अंधारात विहाराच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हैस ओरडत गेली. तवापासून पाऊस आला का मी झोपत नाई. मी रोज म्हनत होती, कुठीबी न्या, उंच न्या."

"अन् तिकडची विहीर? ते लोक?"

"विहीर?" ठमाबाईचा आवाज चढला. "विहीर आपण खोदली असती! इथी खोदली तशी. हात तुटले होते का आमचे? आता कोनी घागर अडवून पाहावं, मी सांगतो त्याले. तिनं मले पुसलं का? एका शब्दानं?"

फुलांवर कोंबडी आली, तिला तिनं खडा मारला.

"दोन सालं मी तुमाले मनातून शिव्या देल्या," ती म्हणाली. "पोरीच्या मयतावर बी देल्या."

"मीही तिकडून येताना तिलाच देत आलो."

"द्या. जिवंत असती तं दोघांनी मिळून बोललो असतो तिले."

त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं आणि जेवण होईपर्यंत समोर बसली. कांतानं माझ्याशी खोटं बोलून आईला वाचवलं, एवढं तरी मी बसमध्ये मनाला समजावत आलो होतो. तेही राहिलं नाही. आईला माझं नाव सांगितलं आणि मला कुणाचंच नाही.

सकाळी ठमाबाई लुगडं बदलून दारात उभी होती. "मी बी येतो," म्हणाली.

गडचिरोलीच्या कार्यालयात साहेब तेच होते. नवी रेषा मी त्यांच्या टेबलावर पसरली. त्यांनी दोन्ही रेषा पाहिल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एवढा फरक? सर, तेव्हा तुम्ही छातीठोक सांगितलं होतं."

"हो."

"चूक कुठं झाली? यंत्रं जुनी होती, असं लिहितो मी. पाच वेगवेगळ्या यंत्रांवर केलं, जोडताना गडबड झाली. समजण्यासारखं आहे."

मला त्यांनी दार उघडून दिलं होतं. बसमध्ये मी हेच वाक्य घोकत आलो होतो. पाच यंत्रं, जोडताना गडबड. कांताचं नाव जिथे आहे तिथे राहील. माझ्या तोंडात हो आलंच होतं.

"यंत्रानं नाई केलं, सायेब," माझ्यामागून ठमाबाई म्हणाली. "माह्या पोरीनं केलं. कांता तिचं नाव. यायची बायको."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठमाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"खरं आहे?" साहेबांनी विचारलं.

"खरं आहे," मी म्हणालो. "यंत्रं बरोबर होती."

नानाजीचं आणि रंभाचं नाव मी घेतलं नाही. का नाही घेतलं ते मला सांगता येणार नाही. माफ केलं म्हणून नाही.

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, रेषा बदलायची म्हणजे वर पाठवावं लागेल, ते टेकाड आता दुसऱ्या गावाला दिलं आहे, नवी जागा बघावी लागेल, पावसाळ्याआधी होईल असं काही सांगता येत नाही.

"तवापर्यंत आमी कुठी झोपाचं?" ठमाबाई म्हणाली.

ठमाबाईनं भिंतीजवळचा बाक पाहिला, त्यावर बसली, पाय वर घेतले आणि पदर नीट केला. शिपाई आत आला, तिला उठवायचं की नाही ते कळेना म्हणून दारातच थांबला. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग तिच्या शेजारी बसलो.